सीक्वेन्सच्या आकृत्या काढायला आयबीएस, तीन वर्षं वापरून झाल्यावर

भाचीनं डेझर्टेशनची फिगर दाखवायला आणली तेव्हा पहिल्या नजरेत मला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. रंग छान निवडले होते, लेबलं एका ओळीत होती, तीन निळे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या दोन रेघा, खाली लिहिलेलं एचबीबी, म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा जीन. मग लक्षात आलं की तिन्ही चौकोन एकाच मापाचे आहेत आणि दोन्ही रेघाही तेवढ्याच. खरा जीन असा नाहीच हो! पहिला एक्सॉन, म्हणजे शेवटी टिकणारा तुकडा, १४२ बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), मग १३० चा इंट्रॉन, म्हणजे मधला कापून टाकला जाणारा तुकडा, मग २२३ चा दुसरा एक्सॉन, त्यानंतर एकदम ८५० बेसचा दुसरा इंट्रॉन आणि शेवटी २६१ चा तिसरा एक्सॉन. साधारण सोळाशे बेसच्या जीनमध्ये अर्ध्याहून जास्त जागा एकट्या दुसऱ्या इंट्रॉनची, आणि आकृतीत तो पहिल्याएवढाच दिसत होता.

मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, पॉवरपॉइंटमध्ये अंदाजानंच काढावं लागतं ना, सगळे तसंच काढतात."

सगळे तसंच काढतात हे खरंय. मी इथे बडोद्यात बायोटेकच्या मुलांना शिकवते, दरवर्षी डेझर्टेशनच्या दिवसांत वीस-पंचवीस जणांच्या फिगर बघते, आणि त्यातल्या बहुतेक फिगरमध्ये प्रोटीनचे डोमेन, म्हणजे वेगवेगळं काम करणारे भाग, आणि जीनचे एक्सॉन असे अंदाजाने ओढलेले असतात. मुलं हुशार आहेत, जेल सुंदर चालवतात, पीसीआर बसवतात, पण आकृती काढायची वेळ आली की हाताशी असेल त्यात चौकोन ओढतात कारण कुणी दुसरं काही दाखवलेलंच नसतं. म्हणून हे लिहितेय. मी २०२२ पासून आयबीएस हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर वापरतेय, आता पुरेसं वापरून झालंय, चांगलं काय आणि कुठे सांभाळायचं हे दोन्ही सांगता येईल.

आयबीएस म्हणजे इलस्ट्रेटर फॉर बायोलॉजिकल सीक्वेन्सेस. चीनमधल्या ग्वांगझूच्या सुन यात-सेन युनिव्हर्सिटीतल्या रेन लॅबचं काम आहे. याच मंडळींनी आधी २००९ मध्ये डॉग नावाचं छोटं सॉफ्टवेअर काढलं होतं, डोमेन ग्राफचं डॉग, त्यात फक्त प्रोटीनचे डोमेन काढता यायचे. मग २०१५ मध्ये आयबीएस आलं, त्यात प्रोटीन आणि न्यूक्लिओटाइड (म्हणजे डीएनए-आरएनए) दोन्ही, आणि २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. पैसे काहीच नाहीत, ब्राउझरमध्ये चालतं. आमच्याकडच्या मुलांसाठी ही फुकटची गोष्ट फार मोठी आहे, कारण पेड सॉफ्टवेअरचं वर्षाचं लायसन्स बऱ्याच छोट्या कॉलेजांना परवडत नाही, आणि ट्रायलवर काम करायचं तर मागे एकदा एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची ट्रायल बरोबर सबमिशनच्या आठवड्यात संपली आणि आमच्या एका मुलीची फाइल उघडेचना. नाव घेत नाही, पण ती रडकुंडीला आलेली मला आठवतेय.

आता हे चालतं कसं. तुम्ही चौकोन ओढत बसत नाही, तुम्ही आकडे देता. आधी सांगायचं की प्रोटीन एवढ्या अमिनो आम्लांचं आहे, मग हा डोमेन इथून इथपर्यंत, तो तिथून तिथपर्यंत, आणि ही खूण अमुक जागेवर. ते मापात काढून देतं. एवढंच. ऐकायला साधं वाटतं, पण माझ्या मते या सॉफ्टवेअरचा सगळा जीव याच एका गोष्टीत आहे. आकडा द्यायचा म्हणजे आकडा माहीत असावा लागतो, तो शोधायला तुम्हाला यूनिप्रॉट हा प्रोटीनचा डेटाबेस उघडावा लागतो, डोमेनसाठी इंटरप्रो बघावं लागतं, पेपर वाचावा लागतो. चौकोन ओढणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. मी मुलांना सांगते की सीक्वेन्सची आकृती हा नकाशा आहे, मांडवीपासून सूरसागर जितकं लांब तितकंच नकाशात लांब दिसायला हवं, कागदावर जागा उरली म्हणून फतेगंज अलीकडे ओढून चालत नाही.

सुरुवात करायची असेल तर पी५३, म्हणजे पेशीला कॅन्सरपासून वाचवणारं प्रोटीन, घ्या, मी वर्गात तेच घेते. ३९३ अमिनो आम्लांचं प्रोटीन, यूनिप्रॉटमध्ये पी०४६३७ नंबरावर मिळतं. सुरुवातीचा साधारण ६१ पर्यंतचा भाग दुसऱ्या जीनना चालू करणारा, मग प्रोलीन भरपूर असलेला पट्टा, मग १०२ ते २९२ हा डीएनए धरणारा मोठा भाग, मग ३२५ ते ३५६ हा चार रेणू एकत्र बांधणारा छोटा भाग, आणि शेवटची शेपटी. हे आकडे घातले की पाच मिनिटांत आकृती तयार. त्यावर १७५, २४८ आणि २७३ या जागांवर खुणा लावायला सांगते, कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त सापडणाऱ्या म्युटेशनपैकी, म्हणजे सीक्वेन्समधल्या बदलांपैकी, या तीन, आणि तिन्ही जागी मुळात आर्जिनीन असतं. खुणा लागल्या की मुलांच्या चेहऱ्यावर कळतं, तिन्ही त्या एका मोठ्या भागातच पडतात, डीएनए धरणाऱ्या. पुस्तकात हे वाक्य त्यांनी दहा वेळा वाचलेलं असतं पण मापात काढलेल्या पट्टीवर तीन खुणा एकाच डब्यात बसलेल्या बघणं वेगळं. एका मुलानं तर लगेच विचारलं की मॅडम मग बाकीच्या भागात म्युटेशन होतच नाहीत का, की होतात पण नुकसान करत नाहीत? अर्धा तास त्यावरच गेला, लेक्चर तिथेच थांबलं, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

२०२२ च्या आवृत्तीत यूनिप्रॉट आणि एनसीबीआयच्या रेफसीक या सीक्वेन्सच्या डेटाबेसमधून माहिती ओढून एकदम बऱ्याच आकृत्या काढायची सोयही आहे. एखाद्या फॅमिलीतली दहा-बारा प्रोटीनं एकाखाली एक लावायची असतील तर वेळ वाचतो. पण पहिली फिगर हातानेच करावी असं माझं म्हणणं आहे, आकडे एकदा स्वतः टाइप केले की डोक्यात बसतात. आणखी एक रिसोर्सचा भाग आहे, लोकांनी आधी केलेल्या आकृत्या तिथे बघता येतात, आपल्याही टाकता येतात. नवख्या मुलांना रंग आणि मांडणी कशी करावी हे बघायला तो उपयोगी पडतो.

पण एक गोष्ट नीट वाचा, कारण यात माझ्या भाचीची चूक झाली आणि माझीही झाली असती. सॉफ्टवेअर तुमचा आकडा बरोबर आहे का हे तपासत नाही. तुम्ही जे द्याल ते इमानदारीनं काढतं.

भाचीचा विषय बीटा ग्लोबिनची म्युटेशनं. आमच्या भागात हा विषय नुसता पुस्तकातला नाही, बडोद्याहून पूर्वेला छोटाउदेपूरकडे निघालात की आदिवासी पट्टा लागतो आणि तिकडे सिकल सेल घराघरांत माहीत असलेला आजार आहे. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशात शहडोलला सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंतचं लक्ष्य ठेवून, तेव्हापासून तर शाळा-कॉलेजांतही याच्याबद्दल बरंच बोललं जातं. तर भाचीनं माझ्याकडून आयबीएस शिकून घेतलं, न्यूक्लिओटाइड मोडमध्ये एचबीबी मापात काढला, सुंदर झाला, आता ते दोन इंट्रॉन खरे दिसायला लागले. आणि सिकल सेलची खूण लावताना तिनं जागा घातली ६. कारण सगळीकडे लिहिलेलं असतं की सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलीन येतं. सॉफ्टवेअरनं आज्ञाधारकपणे जीनच्या अगदी डाव्या टोकाला, सहाव्या बेसवर खूण लावली.

तिथे प्रोटीनचा कोडच सुरू होत नाही! एचबीबीचे पहिले पन्नास बेस हे प्रोटीनमध्ये अनुवाद न होणारे, पाच प्राइम यूटीआर. कोड सुरू होतो एकावन्नाव्यापासून.

मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. एकाच म्युटेशनचे चार पत्ते निघाले. जुन्या पद्धतीनं अमिनो आम्ल ६. नव्या पद्धतीनं अमिनो आम्ल ७, कारण नव्या नियमात सुरुवातीचं मेथिओनीन पहिलं धरतात, यूनिप्रॉटमध्येही तसंच आहे, तिथे हे प्रोटीन १४७ चं दिसतं आणि पुस्तकात १४६ चं. कोडिंग सीक्वेन्सचे, म्हणजे कोड सुरू झाल्यापासूनचे, बेस मोजले तर २०, ए च्या जागी टी, म्हणजे जीएजी चं जीटीजी होतं. आणि जीनच्या सुरुवातीपासून मोजलं तर पन्नास अधिक वीस, ७०. म्हणजे खूण पडायला हवी पहिल्या एक्सॉनच्या जवळजवळ मध्यावर, आणि तिची पडली होती टोकाला. जुन्या पद्धतीत सहा का, तर व्हर्नन इन्ग्रामनं १९५७ मध्ये हा एका अमिनो आम्लाचा फरक दाखवला तो तयार हिमोग्लोबिनचे तुकडे करून, आणि तयार प्रोटीनमध्ये ते पहिलं मेथिओनीन कापून टाकलेलं असतं. जीनचा सीक्वेन्स वाचायला लोक शिकले त्याच्या वीसेक वर्षं आधीची ही मोजणी. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत फक्त शून्य वेगळ्या ठिकाणी आहे. भाची म्हणाली की चार वर्षं बायोकेमिस्ट्री शिकले पण सहा आणि सात दोन्ही का दिसतात हे आज कळलं. मला वाटतं ती चुकीची खूण पडली नसती तर कळलंही नसतं, पॉवरपॉइंटमध्ये तिनं बाण पहिल्या चौकोनावर कुठेतरी ठेवला असता आणि व्हायव्हात कुणी विचारलंही नसतं.

तर माझा सल्ला, आकृती काढायच्या आधी एका शीटमध्ये तीन कॉलम करा, भागाचं नाव, सुरुवात, शेवट, आणि वर एका ओळीत लिहा की मोजणी कुठून केलीय. कोडिंगपासून की ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे जीनवरून बनणाऱ्या आरएनएच्या, सुरुवातीपासून, मेथिओनीन धरून की सोडून. हीच ओळ फिगरच्या खाली लेजेंडमध्ये पण टाका. शीट ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. एका दुसऱ्या ऑनलाइन टूलवर माझं दीड तासाचं काम पेज रिफ्रेश झाल्यावर गेलं होतं, तेव्हापासून मी कुठल्याच ब्राउझरवर भरवसा ठेवत नाही, आकडे शीटमध्ये असले की परत काढायला दहा मिनिटं लागतात.

बाकी म्युटेशनं पुढे सरळ बसली. भारतात बीटा थॅलेसेमियाचं, म्हणजे बीटा साखळी कमी बनण्याच्या आजाराचं, सगळ्यात जास्त सापडणारं म्युटेशन म्हणजे पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या बेसवरचं, जी च्या जागी सी. ते १४७ वर पडतं, एक्सॉन संपल्यावर लगेच. आकृतीत ते एक्सॉनच्या कडेला इतकं चिकटून दिसतं की हे कापायच्या-जोडायच्या जागेलाच धक्का लावणारं आहे हे न सांगता कळतं. मग हिमोग्लोबिन ई, हिमोग्लोबिनचा आणखी एक बदललेला प्रकार, त्याच टोकाला पण थोडं अलीकडे, पहिला एक्सॉन संपता संपता, जुन्या मोजणीनं २६ वं अमिनो आम्ल. आणि मग ६१९ बेसचं डिलिशन, म्हणजे तेवढा तुकडाच गायब, सिंधी आणि गुजराती लोहाणा कुटुंबांमध्ये सापडणारं, म्हणजे आमच्या बडोद्यात शेजारीपाजारी असणारी माणसं. ते दुसऱ्या इंट्रॉनच्या शेवटाकडून सुरू होतं, तिसरा एक्सॉन अख्खा घेऊन जातं आणि जीनच्या पलीकडे जाऊन थांबतं. हे पॉवरपॉइंटमधल्या सारख्या डब्यांवर दाखवताच येत नाही, सोळाशेच्या जीनच्या मानाने सहाशे एकोणीस म्हणजे किती मोठा लचका ते मापातच दिसतं. पट्टीच्या खाली एक जाड रेघ काढली, उजवीकडे जीनच्या बाहेर गेलेली, आणि गाइड मॅडमनी त्या फिगरवर पहिल्यांदाच एकही लाल शेरा मारला नाही.

मापात काढायचा एक तोटा आहे तो पण सांगते. लांबच लांब प्रोटीनमध्ये छोट्या गोष्टी दिसेनाशा होतात. स्नायूंमधलं टायटिन घ्या, यूनिप्रॉटमधला माणसाचा मुख्य सीक्वेन्स ३४,३५० अमिनो आम्लांचा आहे. जर्नलच्या पूर्ण पानाची रुंदी सतरा सेंटिमीटर धरली तर शंभर अमिनो आम्लांचा एक डोमेन अर्ध्या मिलिमीटरचा होतो, पेन्सिलीच्या रेघेएवढा. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, गणितच तसं आहे. अशा वेळी मी एक पूर्ण लांबीची बारीक पट्टी काढते आणि खाली हवा तेवढाच तुकडा वेगळ्या आकृतीत मोठा करून, आणि दोन्हींना वेगवेगळ्या मापपट्ट्या लावते. मापपट्टी विसरू नका, विसरलात तर मापात काढल्याचा उपयोग काय. जीनच्या बाबतीतही तेच, एचबीबी छोटा आहे म्हणून सगळं एका ओळीत मावलं, लाखभर बेसचे इंट्रॉन असलेला जीन असेल तर एक्सॉन केसासारखे दिसतील. काही जण मग इंट्रॉन तोडून दाखवतात, चालतं, पण लिहायचं की इंट्रॉन मापात नाहीत.

रंगांबद्दल थोडं. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी लावू नका, वर्गात असा एखादा मुलगा असतोच ज्याला तो फरक दिसत नाही, तो कधी बोलून दाखवत नाही एवढंच. निळा आणि नारिंगी घ्या, आणि प्रिंट काळ्या-पांढऱ्यात येणार असेल तर एक गडद एक फिका. एका फिगरमध्ये पाचाच्या वर रंग झाले की डोळा कुठे बघायचं ते विसरतो.

एक्सपोर्ट केलेली फिगर स्वच्छ येते, छापण्याजोगी, मला त्याबाबत कधी अडचण आली नाही. फरक किती पडतो ते आम्हाला पोस्टरच्या वेळी कळलं. मागच्या वर्षी एका मुलाची पॉवरपॉइंटमधून इमेज म्हणून सेव्ह केलेली फिगर पोस्टरवर पूर्ण रुंदीत लावली, डांडिया बाजारातून प्रिंट करून आणलं, आणि अक्षरं सगळी धुरकट. प्रिंटवाल्या काकांची काही चूक नव्हती. स्लाइड इमेज म्हणून सेव्ह केली की नुसत्या डिफॉल्टवर ती १२८० पिक्सेल रुंद येते, आणि ए-झीरो पोस्टर ८४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे इंचाला चाळीससुद्धा ठिपके पडत नाहीत. छापायला निदान तीनशे लागतात, आणि नुसत्या रेघांच्या चित्राला जर्नलवाले त्याहून जास्त मागतात. सहाशे रुपयांचं प्रिंट वाया गेलं त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स होती आणि मुलगा रात्रभर जागला त्याचं मला वाईट वाटलं. त्यामुळे फिगर कुठेही काढा, शेवटी ती किती सेंटिमीटरमध्ये छापणार हे आधी ठरवा आणि हिशोब करा.

नेटशिवाय काय, हा प्रश्न आमच्याकडे खरा आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा अर्ध्या बडोद्यात पाणी होतं, आमच्याकडे दोन दिवस लाइट नाही, नेट तर विसराच. आयबीएसच्या पहिल्या आवृत्तीची जावामध्ये केलेली, कॉम्प्युटरवर ठेवून चालवायची कॉपी माझ्या जुन्या लॅपटॉपवर होती. लॅपटॉप दीरांच्या घरी नेऊन चार्ज केला, त्यांच्याकडे पाणी चढलं नव्हतं, आणि एका पेपरच्या दोन फिगर तिथेच जेवणाच्या टेबलावर बसून झाल्या. जाऊबाईंनी विचारलं हे रंगीत डबे कसले, त्यांना पी५३ समजावलं, त्यांच्या आईंना कॅन्सर झाला होता म्हणून त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं आणि मग बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसल्या. ती जुनी कॉपी चालवायला जावा टाकलेलं असावं लागतं, आणि दिसायला ती नव्या ब्राउझरवालीपेक्षा साधी आहे, पण काम तेच करते.

आता आयबीएस कशासाठी नाही. प्लास्मिडचा, म्हणजे बॅक्टेरियातल्या छोट्या गोल डीएनएचा, गोल नकाशा हवा असेल, पीयूसी१९ सारखा, २६८६ बेसचा, त्यावर कुठलं एन्झाइम कुठे कापतं ते सगळं आपोआप हवं असेल, तर स्नॅपजीनचा व्ह्यूअर घ्या, बघण्यापुरता तो फुकट आहे, किंवा एप (ए प्लास्मिड एडिटर). त्यांना तुम्ही खरा सीक्वेन्स देता, ए-टी-जी-सी सकट, म्हणून ते साइट शोधू शकतात. आयबीएसला सीक्वेन्सच्या अक्षरांशी देणंघेणं नाही, त्याला फक्त जागा कळतात. दहा प्राण्यांचं तेच प्रोटीन एकाखाली एक लावून कुठलं अक्षर टिकलंय ते बघायचं असेल तर जालव्ह्यू, स्कॉटलंडमधल्या डंडी युनिव्हर्सिटीचं, तेही फुकट, आणि त्यातली रंगयोजना अमिनो आम्लाच्या स्वभावानुसार बदलता येते. टिकलेल्या अक्षरांची उंची दाखवणारा लोगो हवा असेल तर वेबलोगो. डीएनएमध्ये एखादी जागा पूर्ण ठरलेली असेल तर अक्षराची उंची दोन बिट, चारातून एक निवडायचं म्हणून दोन, प्रोटीनमध्ये वीसातून एक म्हणून सव्वाचारच्या थोडी वर. हेही मुलं नुसतं चिकटवतात, उभ्या अक्षावर काय आहे विचारलं की गप्प होतात. आणि पायथॉन येत असेल, शेकडो जीनच्या आकृत्या काढायच्या असतील, तर बायोपायथॉन या पायथॉनच्या लायब्ररीतलं जीनोमडायग्राम बघा, तिथे माउसला हात न लावता काम होतं. मी स्वतः माउसवाली आहे, एका वेळी चार-पाच फिगर काढते, माझ्यासाठी आयबीएस पुरेसं आहे.

शिकायला किती वेळ? मुलांना एक प्रॅक्टिकल, दोन तास. त्यातला एक तास यूनिप्रॉट वाचण्यात जातो, सॉफ्टवेअरमध्ये अर्धा तासही नाही. पहिल्यांदा उघडलं की कुठे क्लिक करायचं ते थोडं शोधावं लागतं, सगळं इंग्रजीत आहे, गुजराती मीडियममधून आलेली मुलं सुरुवातीला बिचकतात, मग शेजारी बसवलेल्या मुलाचं बघून करतात. आणि हो, थिसिसमध्ये किंवा पेपरमध्ये फिगर वापरली की त्यांच्या पेपरचा उल्लेख करा. कुणीतरी वर्षानुवर्षं खपून फुकट दिलंय, नाव लिहायला एक ओळ लागते, मुलं तीही टाळतात आणि मला ते आवडत नाही.

स्टार द्यायचे तर पाचातले साडेचार. अर्धा कापला तो आकड्यांबद्दल काहीच न विचारल्याबद्दल, निदान मेथिओनीन धरून मोजलंय का एवढं जरी एकदा विचारलं असतं तरी कितीतरी चुका वाचल्या असत्या.

भाचीचं डेझर्टेशन जमा झालं. त्यातली एचबीबीची फिगर आम्ही नंतर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन लेबलं गुजरातीत केली, रेफरन्स वगैरे काढून टाकले, चार पत्ते काढून एकच खूण ठेवली, आणि छोटाउदेपूरकडच्या एका शाळेत तपासणी कॅम्प होता तिथे भाची ती घेऊन गेली. फळ्याच्या बाजूला लावली होती. आठवीतल्या एका मुलीनं जवळ जाऊन बोटानं पट्टी मोजली आणि विचारलं की एवढ्या लांब पट्टीत हे एकच अक्षर बदललं म्हणून माझ्या भावाचे हातपाय दुखतात का. भाचीनं हो सांगितलं, आणि मग खाली बसून तिला जीएजी आणि जीटीजी वहीत लिहून दाखवलं.